काळ्या दगडावरचा ओला चुना

काळ्या दगडावर ओला चुना लावला की पहिल्यांदा काहीच दिसत नाही. हात फिरतो, बोटांना गारवा जाणवतो, नव्या भिंतींच्या घराची आठवण करून देणारा तो किंचित उग्र वास नाकात शिरतो. पण दगड आपला काळाच! उलट ओलीने तो अधिकच काळाभोर होतो, आणि नवख्या माणसाला वाटावं, की चुन्यात पाणी फार झालं. मग ऊन चढू लागतं. हरभऱ्यावरून आंबूस वारा येतो. आपण दुसऱ्या कामाला लागतो, आणि केव्हातरी सहज वळून पाहावं, तर दगड शुभ्र होऊन बसलेले असतात. तो शुभ्रपणा नेमका कोणत्या क्षणी उमटला, हे इतक्या वर्षांत मला एकदाही पकडता आलेलं नाही.

रेवा, नील, परवा वेळ अमावस्येला मुरुडच्या शेतात मी तशीच त्या दगडांकडे पाहत बसले होते. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूरकडची गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरून जातात, हे तुम्ही आईकडून ऐकलं आहे. कडब्याच्या पेंढ्यांची लहानशी कोप उभारायची, तिच्यात शेतातलेच पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांना चुना लावायचा, ताकात ज्वारीचं पीठ कालवून केलेल्या आंबिलीचा आणि ओला हरभरा, शेंगदाणे आणि भाज्या एकत्र शिजवून केलेल्या भज्जीचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग तो नैवेद्य शेताच्या कडेकडेने शिंपत जायचं. याला म्हणतात चर शिंपणे. भुईला, पाखरांना, दिसणाऱ्या-न दिसणाऱ्या साऱ्या राखणदारांना त्यांचा घास पोचवायचा, म्हणजे शेत वर्षभर सुरक्षित राहतं. किती सुंदर कल्पना! पण ज्या बेटावर तुम्ही राहता, तिथे याच सुंदर कल्पनेने गेल्या वर्षी काय घडवलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही ते पाहिलंत, हे खरंच. पण माझ्या डोळ्यांनी तुम्ही ते पाहिलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी मॉरिशसला निघाले तेव्हा माझ्या मनात समुद्र होता. नांदेडच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवताना बेट हा शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिला असेल, आणि प्रत्येक वेळी मनात तीच निळी चौकट उमटे: वाळू, माड, लाटा. माझ्याबरोबर आक्का होत्या. आक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, मुरुडच्या शेताची मालकीण, आणि विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत हवाई सुंदरीला "बाई, जेवलीस का गं?" असं विचारत राहणारी माउली. विमानतळावरून तुमच्या बाबांची गाडी निघाली, आणि समुद्र दिसण्याच्या आधी दिसला ऊस. बाबा साखर कारखान्याच्या नोकरीसाठी लातूर सोडून एवढ्या दूर आले, ते असे उसातून उसात! आणि त्या उसाच्या फडांमध्ये जागोजाग काळ्या दगडांच्या राशी रचलेल्या होत्या, देवळाच्या शिखराएवढ्या उंच. शेत मोकळं करताना वेचून काढलेले दगड. आक्कांनी काचेला नाक लावलं.

"वैनी, ह्ये तर आपल्या शेताच्या धुऱ्यावरची दगडं हायेत की!"

"तसे वाटतात खरे."

"वाटतात काय? सगळा जलम ठेचा खाल्ल्या ह्यांच्या. वळकीना का मी?"

तेव्हा नील, तू पुढच्या सीटवरून मागे वळून आम्हाला ज्वालामुखी शिकवलास. हे सगळं बेट समुद्राच्या तळातून उसळलेल्या लाव्ह्याचं आहे, आणि आपलं दख्खनचं काळं पठार ज्या पाताळातल्या अग्नीने घडवलं, त्याच अग्नीने पुढे, जमीन सरकत गेल्यावर, ही बेटंही घडवली, असं शास्त्रज्ञ मानतात. मी ते कुठेतरी वाचलं होतं. पण वाचलेलं आणि खिडकीतून दिसलेलं यांत केवढं अंतर! आक्कांनी मात्र क्षणभरही नवल केलं नाही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "म्हंजी एकाच चुलीवरच्या भाकरी. एक आपल्या ताटात पडली, एक पाण्यात." त्या एका वाक्यासरशी माझा परकेपणा गळून पडला. लेकीचं घर सासरच्या गावी असावं तसं मला ते बेट वाटू लागलं: दूरचं, पण नात्यातलं.

नंतरचे दिवस तू आम्हाला जंगलं दाखवलीस, रेवा. दाखवलीस म्हणण्यापेक्षा त्या जंगलांची आणि आमची ओळख करून दिलीस म्हणायला हवं. पठाराच्या कडेवरून ती खोल दरी पहिल्यांदा दिसली, तेव्हा ढग आमच्या पायांखालून चालले होते. हिरव्या रंगाला इतक्या छटा असू शकतात, हे मराठवाड्याच्या डोळ्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं! दरीच्या पोकळीत एक पांढराशुभ्र पक्षी तरंगत होता. त्याची शेपूट इतकी लांब आणि नाजूक, की आकाशाच्या वहीवर कुणी रेघ ओढता ओढता विचारात पडावं. अबनुसाची काळी, संथ वाढणारी झाडं, नेच्यांची झालर, झऱ्याकाठचे हिरवेगार सरडे, संध्याकाळी फळांवर उतरणारी सोनेरी मानेची वटवाघळं. किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटावर ती अजस्र कासवं, ज्यांच्या चालीपुढे मलाही मी घाईची बाई वाटले. बेटाची मूळची कासवं माणसांनी खाऊन संपवली, म्हणून दुसऱ्या बेटावरून ही आणली. फळं खाऊन बी पसरवण्याचं जुन्यांचं काम आता ही करतात, असं तू सांगितलंस.

"आन् वाघ?" आक्कांनी विचारलं.

"इथे वाघ नाही, आक्काआजी. हत्ती नाही, साप-विंचवाची भीती नाही. वटवाघूळ सोडलं तर मूळचा एकही सस्तन प्राणी नाही."

"मग जंगल कसलं गं ह्ये? लई झालं तर बाग म्हण."

तू हसलीस, पण उत्तर दिलंस ते हसण्यावारी नेलं नाहीस. वाघ नव्हता, म्हणूनच इथले जीव निर्धास्त झाले, असं तू म्हणालीस. पाखरं जमिनीवर उतरली, काहींनी तर उडणंही सोडून दिलं. आणि मग जहाजं आली. जहाजांबरोबर उंदीर, मांजरं, डुकरं, माकडं आली. डोडो गेला. पाठोपाठ कितीतरी गेले. भीती न शिकलेल्या जिवांचं हे बेट! तू बोलत होतीस आणि मी तुझ्या तोंडाकडे पाहत होते. सतरा वर्षांची माझी नात, जिला मी फोनवर अजून "दूध पिलीस का" विचारते, ती एका भूमीच्या दुःखाची कथा कुठेही स्वर न चढवता सांगत होती.

मग तू आम्हाला तुझा तुकडा दाखवलास. जंगलातली तारेच्या कुंपणाने राखलेली ती जागा, जिथे दर रविवारी तू आणि तुझ्यासारखे काहीजण जाऊन परकी झुडपं उपटता. त्यात सगळ्यांत माजोरी निघाला तो पेरू! लाल, बोराएवढ्या फळांचा चिनी पेरू, ज्याची दाटी मूळच्या रोपांना उठूच देत नाही. आक्कांच्या ते फार जिवाला लागलं. "फळाचं झाड उपटायचं?" त्या पुटपुटल्या, पण तू कशी मुळासकट उपटतेस, माती कशी झटकतेस, हे त्यांनी शेतकऱ्याच्या नजरेने निरखलं, आणि तुझा हात हातात घेऊन तळव्यावरचे घट्टे अंगठ्याने दाबून पाहिले.

त्या तुकड्यातच ते घरटं होतं.

गुलाबी पारवा मी तुझ्या दुर्बिणीतून पाहिला. ती दुर्बीण तुझी नव्हती. घरट्यावर नजर ठेवायचं काम ज्यांना मिळतं त्यांनाच ती मिळते, आणि तुझ्या वयाच्या मुलीला ती पहिल्यांदाच दिली होती. किती अभिमानाने तू ती गळ्यात अडकवत होतीस! काचांमधून दिसला एक अंतर्मुख, गोल डोळ्यांचा पक्षी: होळीनंतर चार धुण्यांत फिकटलेल्या गुलालासारखी छाती, तपकिरी पंख, विटकरी शेपूट. काटक्यांच्या ढिसाळ घरट्यात तो एका अंड्यावर बसला होता. एके काळी या पक्ष्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच जीव जगात उरले होते, आणि माणसांनी जपून जपून त्यांना परत आणलं, हे तू सांगत असतानाच आक्कांचा हात दुर्बिणीकडे आला. त्यांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"पारवा हाय की ह्यो!"

"हो, आक्काआजी."

"अगं, नांदेडला तुझी आजी गॅलरीला जाळी ठोकून पारवे हाकलून राहिली. आन् इथं एका पारव्याला कुंपण, राखण, दुर्बीण? नशीब काढलं मेल्यानं!"

आपण सगळे हसलो. मीही हसले, कारण जाळी खरीच होती. पण हसताना मनात एक काटा रुतला. आपल्या गॅलरीतला पारवा आणि हा पारवा, दोघांच्या डोळ्यांतली निष्पाप गोलाई तीच. मग मोल कशाचं? पक्ष्याचं, की तो नाहीसा होईल या भीतीचं?

आणि मग वेळ अमावस्या आली. आक्कांनी सामानात ज्वारीचं पीठ आणलंच होतं. आदल्या दिवशी त्यांनी तुमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला, आंबील घातली, आणि तुमच्या आईला, माधुरीला, विचारलं, "शेत कुठाय तुमचं?" माधुरी म्हणाली, अंगणात करू. आक्कांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने अंतरपाटाशिवाय लग्न लावू म्हणणाऱ्या नवऱ्याकडे एखादा भटजी पाहील. "अंगणात तुळस असती, पांडव न्हाई. शेत लागतं."

"शेत नाही आपल्याला इथे, आक्का."

"न्हाई कसं? ही पोरगी दर रविवारी तण उपटाय, निंदाय जाती ना? जी निंदती तिचंच शेत."

तुझा चेहरा मला आठवतो, रेवा. असं कुणी कधी म्हटलं नव्हतं तुला. तू लगेच दीपलालना फोन केलास, त्या भागाचे वनरक्षक, वडीलधारे, घरी भोजपुरी बोलणारे. त्यांनी हसून परवानगी दिली, पण तीन अटींवर: दगड जागचा हलवायचा नाही, काही रंग लावायचा नाही, आणि कुंपणाच्या आत खाण्याचा कणही न्यायचा नाही. आक्कांना तू त्या अटी दोनदा सांगितल्यास. दोन्ही वेळा आक्का "हाव, हाव" म्हणाल्या.

ती सकाळ किती मंगल होती! जेवणाच्या टोपल्या आपण फाटकाबाहेर ठेवल्या. आत धुकं झाडांवरून थेंबाथेंबाने उतरत होतं. दगड हलवायचे नव्हते, म्हणून आक्कांनी पडल्या जागीच पाच दगड निवडले: एक वाटेजवळ, एक नेच्याखाली, दोन उतारावर, एक पार ओढ्याकाठी. "पांडव पांगले," नील म्हणाला. "वनवासातच हायेत म्हणायचं," आक्का म्हणाल्या, आणि प्रत्येक दगडापुढे तेवढ्याच भक्तीने वाकल्या. चुना नव्हता, दगड काळेच राहिले. मला तेव्हा वाटलं, पूजेला याहून अधिक काय हवं? अग्नीतून आलेला दगड, वर ढग, समोर दरी, आणि आपण.

तू मला ओढ्यापलीकडचं एक फुलझाड दाखवत होतीस, तेवढ्यात आक्कांचा खडा स्वर आला. चर शिंपतानाचा तो पुकारा! मी वळले. आक्का कुंपणाच्या कडेकडेने चालल्या होत्या, ओच्यात लपवून आणलेली भज्जी आणि आंबिलीचा गडू रिता करत, मुठीमुठीने, वय विसरून, सासरी नव्या आलेल्या सुनेच्या उत्साहाने.

"आक्काआजी! खाणं आणायचं नव्हतं ना?"

"खाणं कुठं आणलं? नैवेद्य हाय. नैवेद्याला काय खाणं म्हणतात व्हय?"

त्यांचं खरंच तसं मत होतं. खाणं माणसाचं, नैवेद्य देवाचा, भुईचा. नियम केले होते सहलीला येऊन पिशव्या टाकणाऱ्यांसाठी, देवाला घास देणाऱ्यांसाठी कसे असतील? माहूरगडाच्या पायऱ्यांवर माकडांच्या हातावर फुटाणे ठेवल्याशिवाय ज्यांचं देवीदर्शन कधी पुरं झालं नाही, त्या आक्का याहून वेगळा विचार कशा करणार होत्या? पण फांद्या हलल्या. आधी एक, मग दोन, मग एक अख्खा कळप, ताकाच्या वासावर उतरत आला. एक माकड मूठभर भज्जी घेऊन नेमकं घरट्याच्या झाडावर चढलं. पंखांचा फडफडाट झाला. गुलाबी छाती धुक्यात दिसेनाशी झाली.

तू धावलीस, टाळ्या वाजवल्यास, ओरडलीस. कळप पांगला. घरटं वाकडं झालं होतं, पण पडलं नव्हतं. दीपलाल दूर, दुसऱ्या टोकाला होते. तुमची आई हळूच म्हणाली, "रेवा, कुणी पाहिलं नाही. पटकन उचलू सगळं आणि निघू. नाहीतर तुझं काम जाईल गं."

"मी पाहिलं ना, आई."

एवढंच म्हणालीस. ना कडक स्वरात, ना रडवेल्या. आणि फोन काढून दीपलालना सांगितलंस: खाणं पडलंय, आमच्याकडून पडलंय, माकडं येऊन गेलीत, रात्री उंदीर येतील, लवकर या. पोरी, मी आयुष्यभर वर्गात मुलांना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला दिले. त्या साऱ्या निबंधांना मी गुण दिले. पण गुण देणाऱ्याचेच डोळे भरून यावेत, असा निबंध मला तोवर कुणी लिहून दाखवला नव्हता.

आक्का मात्र ओढ्याकाठच्या पांडवाशेजारी पाय पसरून बसल्या होत्या. अपमान त्यांच्या कपाळाच्या शिरेत दिसत होता. "सणाचं शिंपलेलं परत उचलायचं? असलं मी कवा बघितलं न्हाई. माझ्या सासूनं बघितलं न्हाई." तू त्यांच्यापुढे उकिडवी बसलीस. काही समजावलं नाहीस. फक्त दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावलीस. दूरच्या फांदीवर तो पारवा बसला होता, घरट्याकडे तोंड करून, पण येत नव्हता. आक्का बराच वेळ पाहत राहिल्या. मग दुर्बीण न काढताच मला म्हणाल्या,

"वैनी, तुम्ही नव्या नवरी आल्तात, तवा बैलगाडीतून माळावर एक उंच पक्षी दावला होता मी. ध्यानात हाय?"

होतं. कसं नसेल? माळढोक होता तो. गवतातून मान उंच करून राजासारखा चालत गेला होता, आणि मी गाडी थांबवा म्हटलं, तर आक्काच म्हणाल्या होत्या, त्याला काय बघायचं, रोजचंच हाय.

"पुन्हा दिसला का हो तो कवा?"

"नाही, आक्का."

"रोजचंच वाटलं आपल्याला," त्या म्हणाल्या, आणि उठल्या. गुडघे धरत उठल्या, पदर खोचला, आणि चिखलात ओणवं होऊन शिंपलेली भज्जी वेचू लागल्या. ओल्या हरभऱ्यासकट, शेंगदाण्यासकट, आंबील जिथे मुरली होती तिथल्या मातीसकट. आपण सगळे वाकलो. झाडावर उरलेल्या एका माकडाकडे पाहून आक्कांनी एका हाताने नमस्कार केला आणि दुसऱ्या हाताने चिखल दाखवला: "मारुतीराया, माझ्या घरी ये, पोटभर घालते. इथं पाय ठेवलास तर बघ!" त्या अवस्थेतही नील खो खो हसला.

दीपलाल आले. त्यांनी सगळं पाहिलं, सगळं ऐकलं. आक्कांपुढे हात जोडून म्हणाले, "माई, ई चिरई बहुत कम बा." ही पाखरं फार थोडी उरलीत, एवढंच त्यांचं म्हणणं. मग तुझ्याकडे वळून त्यांनी हात पुढे केला. नियम तो नियम. ज्यांच्या माणसांनी कुंपणात अन्न नेलं, त्यांच्याकडे घरट्याची राखण राहत नाही. तू गळ्यातली दुर्बीण काढलीस, काचा रुमालाने पुसल्यास, आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातावर ठेवलीस. शाळेत असते तर मी कदाचित म्हणाले असते, बिचारीने खरं सांगितलं, तिला सूट द्या. तिथे मात्र मला वाटलं, सूट दिली असती तर तुझ्या खरेपणाचं वजन कमी झालं असतं.

आणि तरीही सण झाला! फाटकाबाहेर टोपल्या उघडल्या. वेळ अमावस्येला वाटेने जाणाऱ्याला जेवल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नसतं, आणि आक्कांनी कुणालाही जाऊ दिलं नाही. पेरू उपटणारी तुझी मित्रमंडळी, कुठल्या देशाचा तो उंच सोनेरी केसांचा मुलगा, आणि सर्वांत आधी दीपलाल. चिखलाच्या हातांनी सगळ्यांना वाढलं. दीपलालनी आंबील दोनदा मागून घेतली. "गुन्हा करणारीनं जेवायला घातलं, आन् शिक्षा देणाऱ्यानं वरपलं," आक्का मला म्हणाल्या, "दोघंबी मोकळे." पण त्यांनी स्वतः त्या दिवशी घास घेतला नाही.

आम्ही निघायच्या आधी कळलं, की ते अंडं वाचलं नाही. पारवा परत बसलाच नाही. तुमच्या आईने मला बाजूला घेऊन म्हटलं, आक्कांना पिल्लू निघालं म्हणून सांगू या, म्हातारं माणूस, जिवाला लावून घेतील. पण तोवर तू त्यांच्याजवळ जाऊन बसली होतीस आणि खरं ते सांगून झालं होतं. त्यांच्या हातात तुझा हात होता, आणि त्या पुन्हा तुझ्या तळव्यावरचे घट्टे अंगठ्याने दाबून पाहत होत्या.

त्यानंतरचं वर्षभर मी इथून पाहिलं. दुर्बीण नव्हती, तरी तू एक रविवार चुकवला नाहीस. ज्या झाडांची राखण तुझ्याकडून गेली होती, त्यांच्याखालची जमीन निंदत राहिलीस. मानाचं काम गेल्यावर उरलेलं काम तेवढ्याच निष्ठेने करणं, हे मोठमोठ्या माणसांनाही साधत नाही गं! आणि आक्का? दर फोनवर त्यांचा पहिला प्रश्न तुझ्या अभ्यासाचा नसे, तब्येतीचा नसे. "बसला का गं पारवा?" तू म्हणायचीस, अजून नाही. त्या म्हणायच्या, "असू दे. निंदत राहा." मीही माझ्या गॅलरीच्या जाळीचा एक कोपरा सोडवला. तिथे आता एक काळाकरडा पारवा रोज सकाळी घाण करतो, आणि मी मुकाट्याने ती धुते.

परवा मुरुडला आक्कांनी नेहमीसारखे दगड मांडले. चुन्याचा हात फिरवला. नैवेद्य दाखवून झाला, आणि त्या गडू घेऊन चर शिंपायला निघाल्या, तेवढ्यात माझा फोन वाजला. तुझा चेहरा धुक्यात होता, मागे काळा दगड होता, आणि गळ्यात दुर्बीण होती. दीपलालनी ती आदल्या दिवशी परत दिली, हे तू सांगायच्या आधीच मला दिसलं. मी फोन आक्कांच्या तोंडापुढे धरला.

"आक्काआजी, बसला."

"कुठं?"

"आपल्याच तुकड्यात. ओढ्याकाठचा पांडव आहे ना, त्याच्या वरच्या झाडावर."

आक्कांनी गडू खाली ठेवला. पुतणे, सुना, शेजारच्या शेतातून जेवायला आलेली माणसं, सगळी थांबून पाहत होती. मग आक्कांनी फोनवर हात उगारून तुला सांगितलं, "बोलत काय बसलीस? राखण कर जा. इथं मी शिंपते, तिथं तू एक कण पडू देऊ नको. दोन्ही एकच." आणि गडू कमरेवर घेऊन त्या हरभऱ्याच्या कडेने निघाल्या, आणि जो भेटेल त्याला खड्या आवाजात सांगू लागल्या, "माझ्या नातीचं शेत हाय समुद्रात. लई मोठं. पारवे पिकतात त्यात!"

लोक हसत होते. मी कोपीपाशी बसले होते. लेकरांनो, तुम्ही दूर गेलात तेव्हा मला वाटायचं, आपलं जे काही तुमच्यावर लावलं होतं, ते त्या परक्या पावसात धुऊन गेलं असेल. वरून काहीच तर दिसत नव्हतं. ऊन चांगलं वर आलं होतं. मी सहज वळून पाहिलं. पाचही दगड शुभ्र झाले होते.